वॉल्टर कॉफमनची सीडी : आठ महिन्यांनंतर

आधी दोनच तारे दिले होते. ते मागे घेतोय. कुरियरवाल्यांवरचा राग मात्र कायम आहे.

आकाशवाणीची सांकेतिक धून बांधणारा म्हणून कॉफमनचं नाव ऐकून होतो. तेवढ्यावर टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकसंचाने २०२० साली काढलेली त्याच्या चेंबर रचनांची, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठी बांधलेल्या संगीताची, सीडी मागवली. डबी फुटून आली. बदलून मिळाली नाही, वर कस्टमचे पैसे! लावली तर ती धून तशीच्या तशी एकाही ट्रॅकवर नाही (तशी ती असेल असं कुणी म्हटलंही नव्हतं, ते मीच धरून बसलो होतो). आणि क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, त्यात नुसती व्हायोलिनं किंचाळतायत. दोन तारे देऊन सीडी कपाटात टाकली.

गेल्या महिन्यात प्लेअर बंद पडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, काका, उजव्या स्पीकरची वायरच सुटलीय. म्हणजे चेलो, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, आमच्या घरात कधी शिरलाच नव्हता! दीडशे रुपये गेले, पण आता व्हायोलिन सोनाटातला पियानोसुद्धा नीट ऐकू येतो. सूर रागाच्या वाटेने चढतात आणि मधूनच युरोपात उतरतात. रोज रात्री लावतो.

मग त्याच्याबद्दल वाचत सुटलो. जन्म १९०७, कार्ल्सबाड (आजच्या चेक प्रजासत्ताकात), ज्यू कुटुंब. बर्लिनमध्ये संगीतकार फ्रान्झ श्रेकरकडे शिकला. प्रागमधले प्राध्यापक नाझी निघाले म्हणून हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट नाकारली. १९३४ मध्ये मुंबईत उतरला, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता. आल्या आल्या बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल, पियानोवर हा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या झुबिन मेहतांचे वडील. १९३७ पासून नऊ वर्षं रेडिओवर. पुढे विनिपेगचा ऑर्केस्ट्रा, मग इंडियाना विद्यापीठ, तिथे उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर दोन जाडजूड ग्रंथ.

पण मला खिळवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्या संगीताच्या रेकॉर्ड त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काही म्हणता काही कळलं नव्हतं. लाखो लोकांना हे आवडतं, तर चूक माझीच असणार, असं म्हणून तो शिकायला इथवर आला. मी वायरसुद्धा तपासली नव्हती.

आता चार तारे. पाचवा फुटक्या डबीपायी कापला. पुण्यात सीडीची रिकामी डबी सुटी कुठे मिळते, ठाऊक असेल तर सांगा.