मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’: एम.ए.च्या मुलांसोबत वापरली, त्याबद्दल

नंदुरबारकडच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. एम.ए.च्या वर्गात कुणाच्या घरी भिली, कुणाच्या पावरी, कुणाच्या अहिराणी. शाळा बहुतेकांची मराठी माध्यमाची. गावोगाव फिरून उत्तम माहिती आणणारी मुलं प्रकल्प इंग्रजीतून लिहायला बसली की अडतात. या मुलांसाठी ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ ही वेबसाइट, म्हणजे संशोधन-लेखनात लागणाऱ्या इंग्रजी वाक्यांचा साठा, मी यंदा नेटाने वापरली.

जॉन मॉर्ली यांनी ती तयार केली. सुरुवातीची वाक्यं मँचेस्टरच्याच पदव्युत्तर प्रबंधांतून वेचलेली आहेत. विषयाचा मजकूर काढून नुसता सांगाडा ठेवलाय, त्यामुळे ती वापरली तर वाङ्मयचौर्य होत नाही. प्रस्तावना, संदर्भ, पद्धती, निष्कर्ष, चर्चा असे विभाग आहेत. साइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, मुलं मोबाइलवरच वाचतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो ‘बीइंग कॉशस’, म्हणजे जपून विधान कसं करायचं, हा विभाग. माझ्या एका विद्यार्थिनीने मिरची वाळवायच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या 40 बायकांशी बोलून प्रकल्प केला. ‘पथारीच्या कामामुळे स्थलांतर थांबलं, हे सिद्ध होतं,’ असं तिने लिहिलं होतं. मी विचारलं, ‘कशावरून?’ थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, ‘मॅडम, ज्या ऊसतोडीला गेल्या त्या मला भेटल्याच नाहीत.’ संशोधनातला केवढा मोठा मुद्दा तिने स्वतःहून पकडला! मग आम्ही साइट उघडली. ‘प्रूव्ह’ जाऊन ‘सजेस्ट’ आलं, आणि ‘रिझल्ट्स नीड टु बी इंटरप्रिटेड विथ कॉशन’ या धर्तीच्या वाक्याला जोडून ज्या भेटल्या नाहीत त्यांच्याबद्दल तिने पूर्ण परिच्छेद लिहिला. तो तिच्या प्रकल्पातला सर्वांत चांगला परिच्छेद आहे. विचार तिच्याकडे होताच, मांडायची रीत कुणी दाखवली नव्हती.

उणिवा आहेत. एकाखाली एक वाक्यांच्या लांबच लांब याद्या येतात. त्यांतलं कुठलं जास्त ठाम, कुठलं मवाळ, हे नवख्याला उमगत नाही. एकटी सोडली तर मुलं पहिलंच वाक्य उचलतात. म्हणून मी आधी म्हणणं त्यांच्या बोलीत सांगायला लावते, खात्री किती आहे ते विचारते आणि मगच यादी उघडू देते. व्याकरण ही साइट सुधारून देत नाही, आणि लेख कसा वाचायचा हेही शिकवत नाही. त्यासाठी शेजारी माणूस बसावाच लागतो. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत याच कामासाठी नेमलेले सल्लागार असतात. आपल्याकडे ते गाइडच्या गळ्यात पडतं आणि बिचाऱ्या गाइडला वेळ नसतो.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ही देऊ नका, मुलं बुजतील. एम.ए. आणि पीएच.डी.च्या मुलांना मात्र जरूर द्या, पण सर्वेक्षण पुरं झाल्यावर. हातात स्वतःची माहिती असली की कुठलं वाक्य आपलं, ते त्यांना बरोबर कळतं.