माद्रिदच्या नाताळातलं ३११ युरोंचं जेवण

डिसेंबरात माद्रिदला जाणार असाल, त्यातही आईवडील सोबत असतील, तर निघायच्या आधी हे वाचा. आमच्यासोबत जे झालं ते तुमच्यासोबत होऊ नये एवढंच वाटतं.

मी फ्रँकफर्टला नोकरी करते. २०२४ च्या हिवाळ्यात आई आणि नाना पहिल्यांदा माझ्याकडे आले होते. नाना म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं खातात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं. म्हणून नाताळात सहा दिवस माद्रिद ठरवलं.

पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. प्लाझा मायोर या मोठ्या चौकात नाताळचा बाजार भरतो. येशूजन्माच्या देखाव्यासाठी मातीच्या मूर्ती, लाकडी गोठे, शेवाळ, सगळं तिथे मिळतं. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या आधी बाजार कसा फुलतो, तसाच. आई एकेका दुकानापुढे दहा-दहा मिनिटं उभी राहायची. चौकाच्या आजूबाजूच्या साध्या बारमध्ये तळलेल्या कालामारेसचा, म्हणजे माकूळचा, पाव खाल्ला. चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, आणि दाट चॉकलेट तर दोन्ही दिवस झालं. २२ तारखेला सकाळी नाश्त्याच्या ठिकाणी टीव्हीवर स्पेनच्या नाताळ लॉटरीची सोडत चालू होती. सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे गाऊन सांगतात. नाना चहा विसरून ते ऐकत बसले. पिंपळगावच्या बाजार समितीतला लिलाव आठवला असं म्हणाले. पहिलं बक्षीस, ज्याला तिथे 'एल गोर्दो' म्हणतात, लोग्रोन्यो शहरात विकल्या गेलेल्या ७२४८० या नंबरला लागलं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

२४ च्या रात्री बहुतेक हॉटेलं बंद असतात, लोक घरी जेवतात. म्हणून मोठं जेवण २३ ला करायचं ठरलं. नाना म्हणाले, आजचे पैसे मी देणार. लेकीच्या घरी महिनाभर राहतोय, एक जेवण तरी माझ्याकडून. त्यासाठी त्यांनी निघताना बँकेतून परदेशात चालणारं कार्ड मुद्दाम करून घेतलं होतं.

प्लाझा मायोरपासून दोन गल्ल्यांवर एका दारात फळा होता, त्यावर १५.९० युरोंत संपूर्ण जेवण लिहिलेलं. दारातल्या माणसाने गोड बोलून आत नेलं. आत बसल्यावर मी ते जेवण मागितलं, तर ते फक्त दुपारी असतं म्हणाला. फळ्यावर तसं काही नव्हतं. उठायला हवं होतं, पण आईने कोट काढून ठेवला होता, बाहेर थंडी होती, पाव आणि ऑलिव्ह टेबलावर आलेही होते. मेनूकार्ड दिलं खरं, पण वेटर ते उघडूच देईना. नाताळाचं खास काय आहे ते मी सांगतो, म्हणाला. मोठी लाल कोळंबी. बेसुगो मासा, जो माद्रिदमध्ये नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी करतात. आणि वाइन? काल गोर्दो लोग्रोन्योला लागलं, मग आज रिओखाच घ्यायला हवी, ग्रान रेसेर्वा आणतो. रिओखा हा स्पेनचा वाइनसाठी प्रसिद्ध प्रांत, लोग्रोन्यो त्याची राजधानी, आणि ग्रान रेसेर्वा म्हणजे तिथली सगळ्यात जास्त मुरवलेली वाइन. नानांना हे इतकं आवडलं की ते हसून माझ्याकडे बघायला लागले.

मग त्यांनी मला विचारलं, "काय भाव आहे गं? विचार ना त्याला."

मी म्हणाले, "नाना, इथे असं विचारत नाहीत."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. चाळीस वर्षं बाजार समितीत भाव बोलून माल देणारा माणूस, आणि मी त्यांना गप्प केलं. शेजारच्या टेबलावरचे लोक काय म्हणतील, आपण गरीब दिसू, या भीतीने. खरं तर तिथे भाव विचारण्यात काही गैर नाही, स्थानिक लोक सर्रास विचारतात. मासळीपुढे किमतीऐवजी 'सेगून मेर्कादो', म्हणजे बाजारभावाप्रमाणे, लिहिलेलं असेल तर विचारल्याशिवाय मागवतच नाहीत. आणि नाताळाच्या आठवड्यात कोळंबी, खेकडे, बेसुगो यांचे भाव वर्षातले सगळ्यात चढे असतात.

मासा न दाखवता, न वजन करता शिजून आला. बाटली उघडूनच आली. न मागता हामोनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची बशी आली. आई ते खात नाही, नानांनी एक तुकडा चाखला.

शेवटी हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. पाव आणि ऑलिव्ह १०.५०, हामोन ३२, कोळंबी ८०, मासा ९०, वाइन ७८, पाण्याच्या दोन बाटल्या ९, तुर्रोनची, म्हणजे बदामाच्या नाताळी मिठाईची, बशी १२. एकूण ३११ युरो ५० सेंट. मी काही बोलायच्या आत वेटरने मशीन नानांपुढे धरलं, स्वतःच एक बटण दाबलं आणि पिन टाकायला सांगितलं. नानांनी टाकला. बाहेर आल्यावर त्यांच्या फोनवर मेसेज आला: २९,२०० रुपये. त्या दिवशीच्या दराने साडेसत्तावीस हजार व्हायला हवे होते. मशीन युरो की रुपये असं विचारतं, त्यात वेटरने आम्हाला न विचारता रुपये निवडले होते. रुपये निवडले की दर मशीनवाल्यांचा लागतो, आणि तो जवळपास नेहमीच महाग असतो. कार्ड देण्याआधी मशीन स्वतःच्या हातात घ्या, पडद्यावर युरो आहे ना बघा, मगच पिन टाका.

नाना रस्त्याने काहीच बोलले नाहीत. "जेवण चांगलं होतं," एवढंच म्हणाले.

आमच्या मुक्कामाच्या जागी रिसेप्शनवर एक वयस्क बाई होत्या. सकाळी मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्या चिडल्याच. हे बिल नाही, म्हणाल्या, बिलावर हॉटेलचं नाव आणि कर क्रमांक छापलेला असतो. न मागितलेल्या, मेनूत किंमत नसलेल्या पावाचे पैसे घेता येत नाहीत. २०२२ च्या कायद्याने नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. त्यांनी कागदावर तीन शब्द लिहून दिले: 'ओखास दे रेक्लामासियोनेस'. हे सरकारी तक्रारपत्रक. प्रत्येक हॉटेलात ते ठेवणं बंधनकारक आहे आणि तशी पाटीही भिंतीवर लागते. द्यायला नकार दिला तर नगरपालिकेच्या पोलिसांना बोलवायचं.

वाइनची गोष्ट नानांमुळे कळली. बागायतदार मित्रांना दाखवायला त्यांनी बाटलीचे पुढून-मागून फोटो काढले होते. रिओखाच्या बाटलीवर मागे रंगीत पट्टी असते. ग्रान रेसेर्वाची निळी, रेसेर्वाची गडद किरमिजी, क्रियान्साची लाल. आमच्या बाटलीवरची लाल होती. क्रियान्सा म्हणजे एकूण दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. ग्रान रेसेर्वाला पाच वर्षं लागतात. त्या बाईंनी सुचवलेल्या दुकानात तीच बाटली ९ युरोंना ठेवलेली होती.

२४ ला दुपारी आम्ही तिघंही परत गेलो. मी ते तीन शब्द उच्चारले आणि फोटो दाखवला. कालचा वेटर दिसला नाही, मॅनेजर आला. त्याचा आवाज लगेच मऊ झाला. वाइनचे ५४ आणि पावाचे १०.५० असे ६४.५० युरो त्याने रोख परत दिले. मासळीबद्दल तो हटला नाही, आणि तिथे माझी बाजू लंगडी होती, कारण मेनूत बाजारभाव असं लिहिलेलं होतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. तरी वजन दाखवलं नाही ही तक्रार मी पत्रकात लिहिली आणि माझी प्रत घेऊन आले. पुढे काय होईल ते होवो.

संध्याकाळ व्हायच्या आत अंतोन मार्तिनच्या मंडईत गेलो. दुकानं आवरत होती. एका फळवाल्याकडे विनालोपोची द्राक्षं होती, ३१ तारखेसाठी खास. अलिकांतेकडे ही द्राक्षं वेलीवरच कागदी पिशव्यांत झाकून वाढवतात. दुकानात तसं छायाचित्र लावलं होतं. नाना त्यापुढे थबकले. आपणही घडांना कागद लावतो, त्यांनी ते लगेच ओळखलं.

सकाळी रिसेप्शनच्या बाईंनी त्यांना एक शब्द शिकवला होता. त्यांनी घड हातात घेतला, उलटून देठ बघितला आणि मोठ्याने विचारलं, "क्वांतो?"

फळवाल्याने बोटांवर भाव सांगितला आणि काटा त्यांच्याकडे वळवला. नानांनी आकडा नीट वाचला, मान हलवली आणि दोन किलो द्यायला सांगितलं.

आई म्हणाली, "अहो, बाराच खायचीत ना?"