वरून रेल, खालून नुसते वायसर

सेकंडहँड पिकअप बघायला गेलो तेव्हा हौद्यात दोन रेल आधीच बसवलेल्या होत्या आणि मी तिथेच पाघळलो. फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ज्याचं पुढचं टोक पिकअपच्या हौद्यावर येऊन टेकतं तो, ओढायचा तर हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी) हौद्याच्या आत, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसतो. हा हिच ज्या लोखंडी पट्ट्यांत अडकतो त्या रेल म्हणजे या कामातला सगळ्यात कटकटीचा भाग. मला वाटलं, अर्धं काम फुकटात झालं. विकणारा म्हणाला, "मी स्वतः यावर ट्रेलर ओढलाय, काही बघू नका." हे ऐकल्यावर खरं तर तिथेच गाडीखाली शिरायला हवं होतं. पण खाली चिखल होता आणि माझ्या अंगात नवी पँट होती. पँट वाचली.

अगदीच डोळे मिटून बसलो होतो असंही नाही. हिच नवा घेतला, वजनाची क्षमता लिहिलेला, आणि बसवायला दुकानात दिला. स्पष्ट सांगितलं, जुन्या रेल तपासा, चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) धरणारे ब्रॅकेट नसतील तर घाला. संध्याकाळी बिल हातात पडलं: रेल तपासणी, ब्रॅकेट संच, बोल्ट टॉर्कला कसणे, मजुरी. मी हिच दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला. ढिम्म हलला नाही. पैसे दिले.

पहिल्याच फेरीत ब्रेक दाबला की मागून 'ठक्' व्हायचं, निघताना पुन्हा एकदा. मला वाटलं, ट्रेलरची 2 इंची किंगपिन, म्हणजे हिचमध्ये अडकणारा खुंटा, हिचच्या जबड्यात थोडी खेळत असेल. ग्रीस लावलं. दुसऱ्या फेरीत आवाज वाढला, आणि मग मात्र जुनी चादर अंथरून टॉर्च घेऊन खाली शिरलो.

रेलचे बोल्ट हौद्याच्या पत्र्यातून खाली आले होते आणि तिथेच संपले होते. खाली मोठे चपटे वायसर आणि नट, बस्स. ओल्या मातीत नाणं दाबावं तसे वायसर पत्र्यात रुतले होते. चॅसी तिथून चार बोटांवर, पण तिच्यावरचा जुना वाळका चिखल जसाच्या तसा. ना भोक, ना पान्याचा ओरखडा. बिलातले ब्रॅकेट कुठेच नव्हते.

वर तर आणखी गंमत. रेल सरळ हौद्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर ठेवलेल्या. प्लॅस्टिक दबतं, बोल्ट आपोआप ढिले पडतात. म्हणून रेलखालचं लायनर कापायचं असतं आणि पत्र्याच्या नाळ्यांमध्ये यू आकाराचे स्पेसर भरायचे असतात. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा होत्या, म्हणजे मजबुतीची ग्रेड 5. माझ्या हिचच्या पत्रकात ग्रेड 8 सांगितले होते, त्यांच्या डोक्यावर सहा रेघा असतात.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण 15 ते 25 टक्के भार पिनवर येतो. 10,000 पौंडांचा ट्रेलर धरा. 1,500 ते 2,500 पौंड, वर ब्रेकचे धक्के, आणि हे सगळं पत्र्याच्या जिवावर. मागे बायको-मुलांची गाडी चालत होती, याचा विचार अजून करवत नाही. हा भार, हिच आणि आत बसलेली माणसं, सगळं पेलोडमध्ये, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर वाहायच्या वजनात, मोजलं जातं. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. माझ्या गाडीचं स्टिकर खरवडलेलं होतं. गाडी जुनी म्हणून गेलं असेल, असं मीच माझं समाधान करून घेतलं होतं. विकणारा मात्र ओढण्याच्या क्षमतेचा भलामोठा आकडा सांगत राहिला. तो आकडा वेगळा, पेलोड वेगळं.

दुकानात गेलो तर उत्तर तयार, "जुन्या रेल तुमच्या, जबाबदारी तुमची." खालचे फोटो समोर धरल्यावर ब्रॅकेटचे पैसे परत मिळाले. मजुरीचे नाही.

दुसऱ्या फिटरने सगळं उचकटलं आणि प्रत्येक ब्रॅकेट लावताना मला स्वतःहून खाली बोलावून दाखवलं, फोटो काढायला लावले. एक जुनं भोक ओढाताणीने अंडाकृती झालं होतं. त्याने त्यात बोल्ट घातला, शेजारी आपली करंगळी घातली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. हल्ली ट्रेलर जोडला की त्याचे पाय खाली ठेवून, त्याचे ब्रेक लावून, गाडी हळूच पुढे ओढून बघतो. 'ठक्' होत नाही. विकणाऱ्याचा फोन अजून लागत नाही.