जेल्युसिल, फॅमोटिडीन की पॅन फोर्टी: जळजळीवर नक्की काय घ्यायचं?

नागपुरात कुठल्याही मेडिकलवर "गॅसची गोळी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पॅन डी हातात येते, अन् आपणही न विचारता घेतो, काहून की शेजारचे काकाही तीच घेतात. पण ॲसिडिटीची औषधं मुख्यतः तीन जातीची असतात, आणि त्यातलं जास्त स्ट्रॉंग कोणतं हा प्रश्नच कामाचा नाही. जळजळ कधीमधी होते की हप्त्यातून दोन-तीनदा, आराम आत्ताच्या आत्ता पाहिजे की महिनाभर, ते पाहून ठरवायचं.

सावजीवर ताव मारला अन् रात्री छातीत आग पडली, असं महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल तर जेल्युसिल, डायजीनसारखं साधं अँटासिड पुरतं. पोटात तयार असलेल्या ॲसिडला ते तिथल्या तिथे शांत करतं, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, पण उपाशी पोटी घेतलं तर असर तासाभरात उतरतो, जेवणावर घेतलं तर जरा जास्त टिकतो. मॅग्नेशियमनं पोट सुटतं, ॲल्युमिनियमनं बद्धकोष्ठ होतं, म्हणून बऱ्याच औषधांत दोन्ही एकत्र असतात. इनो म्हणजे मुळात सोडाच, सोडियम भरपूर, तेव्हा बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी रोज ग्लास फसफसवू नये. थायरॉईडची गोळी, आयर्न, काही अँटिबायोटिक हे अँटासिडसोबत घेतलं तर नीट लागू पडत नाही, मधात चारेक तास जाऊ द्या.

मधली जात म्हणजे फॅमोटिडीन आणि रॅनिटिडीन. अर्ध्या-एक तासात सुरू होतं, दहा-बारा तास चालतं, त्यामुळे रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर येतं त्यांना बरं पडतं. अडचण एवढीच की रोज घेतलं तर एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं अन् असर कमी होतो. रॅनिटिडीन म्हणजे आपलं जुनं रॅनटॅक, त्यात एनडीएमए नावाची कॅन्सरचा धोका असलेली अशुद्धी सापडली, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, ते बाजारातून काढायला लावलं, २०२२ मध्ये भारतानंही आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. मेडिकलवर अजूनही मिळतं, पण मला विचाराल तर फॅमोटिडीन मागा. किडनी कमजोर असेल तर त्याचाही डोस कमी करावा लागतो.

आता पॅन फोर्टी (पॅन्टोप्राझोल), ओमेझ (ओमेप्राझोल), रेझो (रॅबेप्राझोल). गडबड सगळ्यात जास्त इथेच आहे. ही औषधं ॲसिड तयार करणारे पंपच बंद करतात, आणि पंप चालू होतात खाताना, म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी पोटात गेली पाहिजे. आपण काय करतो? तर्री पोहे हाणले, जळजळ सुटली की मग गोळी. तेव्हा तिचा फारसा उपयोग नाही, तिला पूर्ण असर दाखवायला तसेही तीन-चार दिवस लागतात. गोळी चावू नका, फोडू नका, वरचं आवरण पोटातल्या ॲसिडपासून वाचवायला असतं. हप्त्यातून दोनदा किंवा जास्त जळजळ, किंवा अल्सर, यासाठी हीच जात सरस, पण कोर्स म्हणून, साधारण चार ते आठ आठवडे, डॉक्टर सांगतील तसा. पॅन डी मधला डी म्हणजे डोमपेरिडॉन, ते मळमळ-उलटीचं औषध, काही लोकांत हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, नुसत्या जळजळीला कशाला पाहिजे?

पॅनच्या जातीची गोळी वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोका थोडा वाढल्याचं दिसतं, पण म्हणून घाबरून स्वतःच्या मनानं बंद करू नका, ॲस्पिरिन चालू असलेल्या वयस्क माणसाला ती पोटातून रक्त जाऊ नये म्हणूनही दिलेली असते. हार्टसाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल चालतं. अन् बऱ्याच महिन्यांनी एकदम सोडली की ॲसिड उसळतं, माणसाला वाटतं आता ही जन्माची लागली, खरं तर हळूहळू कमी केली आणि मधात अँटासिडवर भागवलं तर बहुतेकांचं निभतं.

अल्सरचं गणित वेगळं. तो बहुतेक वेळा एच पायलोरी नावाच्या जंतूमुळे नाही तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरमुळे होतो. जंतूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं, अन् आपल्याकडे अजून "तिखट खाल्लं म्हणून अल्सर" चालूच आहे. नुसती पॅन घेतली तर जखम भरते, जंतू तसाच राहतो आणि अल्सर परत येतो, त्यामुळे टेस्ट करून, निघालाच तर अँटिबायोटिकचा बहुधा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. श्वासाची किंवा संडासची टेस्ट असेल तर पॅन डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवतात, नाही तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

डांबरासारखी काळी संडास, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, यात कुठलीही गोळी निवडत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर सोडा पिऊन ढेकर येण्याची वाट पाहू नका, १०८ फिरवा, किंवा कुणाला तरी सोबत घेऊन मेयो हॉस्पिटल, मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत पोचा.