अर्धशिशी: दुखल्यावरची गोळी की रोजची?

चाळिशीनंतर, विशेषतः पाळी जाण्याआधीच्या वर्षांत, हार्मोन्स वरखाली होतात आणि अनेकींची अर्धशिशी बळावते. मग पर्समध्ये पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची स्ट्रिप कायमची मुक्कामाला येते. ठणका सुरू होताच घेतली तर ती बरं काम करते. उशीर केला, मळमळ सुरू झाली, की पोट तिला पुढे सरकवायलाच कुरकुरतं. स्वस्त, सुटसुटीत; पण कॅलेंडरवर खुणा करा. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरची गोळी) असेल तर १०, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी देऊ लागते.

रोजची गोळी वेगळ्या जातीची, दुखणं येऊच नये म्हणून घ्यायची. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठीही देतात (दमेकऱ्यांना चालत नाही), अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही. चिठ्ठी वाचून घरचे दचकतात ते यामुळेच. गुण कळायला सहा-आठ आठवडे, वर कोरडं तोंड, सकाळची सुस्ती. तरी महिन्याचे चारेक दिवस अंधाऱ्या खोलीत जात असतील, तर माझा कौल हिलाच. अर्थात डॉक्टरांना विचारून.

डोकं एका क्षणात असह्य दुखू लागलं, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तरी तपासणी आधी.