भीती आणि लोभ मोजणारा काटा: कितपत कामाचा?
ऑल्टरनेटिव्ह.मी या संकेतस्थळावरील ‘क्रिप्टो फिअर अँड ग्रीड इंडेक्स’ हा विनामूल्य निर्देशांक बिटकॉइनच्या बाजारातील गर्दीची मनःस्थिती 0 ते 100 या अंकांत मांडतो. 0 म्हणजे पराकोटीची भीती आणि 100 म्हणजे पराकोटीचा लोभ. भावातील अस्थिरता आणि उलाढालीचा जोर यांनाच निम्मे वजन दिलेले असल्यामुळे तो बव्हंशी नुकत्याच घडलेल्या हालचालीचा प्रतिध्वनी ठरतो, ही माझी मुख्य तक्रार. जून 2022 मध्ये तो दहाच्याही खाली गेला होता. परंतु एफटीएक्स हा क्रिप्टो चलनांच्या खरेदी-विक्रीचा मंच कोसळल्यावर, नोव्हेंबरमध्ये, बिटकॉइनचा भाव जूनमधील भावाहूनही खाली उतरला, म्हणजे पराकोटीच्या भीतीला तळ समजून खरेदी करणाऱ्यांचा अंदाज चुकला. मांडणी सुबोध आहे, हे मान्य; मात्र रोजच्या आकड्यापेक्षा (तो पाहण्याची सवय लागते, हेही खरे) त्याचा जुना आलेखच मला अधिक उपयुक्त वाटला.