मुलांचा मेंदूचा मलेरिया: आर्टेसुनेट की क्विनाइन?

दोन्ही औषधं हाताशी असतील तर आर्टेसुनेटच द्यावं. आफ्रिकेतल्या ९ देशांत गंभीर मलेरियाच्या ५,४२५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. क्विनाइन घेणाऱ्यांपैकी १०.९ टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी ८.५ टक्के. आर्टेसुनेट कोवळे परजीवीही मारतं, म्हणजे ते मेंदूच्या बारीक वाहिन्यांत चिकटून बसण्याआधीच. क्विनाइनचा मारा त्यानंतरच्या अवस्थेवर असतो.

क्विनाइनची खरी अडचण ते देण्यात आहे. पहिला डोस किलोमागे २० मि.ग्रॅ., ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून चार तासांत थेंबाथेंबाने. मग दर आठ तासांनी किलोमागे १० मि.ग्रॅ., तसंच थेंबाथेंबाने. ते एकदम थेट शिरेत ढकललं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय क्विनाइनने इन्सुलिन वाढून साखर उतरते, आणि बेशुद्ध मुलात ते नुसतं बघून कळत नाही. दर चार तासांनी साखर तपासायला माणूस नसेल, तर हे औषध धोक्याचंच.

आर्टेसुनेट २० किलोखालच्या मुलाला किलोमागे ३ मि.ग्रॅ., त्यापुढे २.४ मि.ग्रॅ.; दाखल होताच, १२ तासांनी, २४ तासांनी, मग रोज एकदा. ६० मि.ग्रॅ.च्या पावडरीत सोबतचं १ मि.ली. बायकार्बोनेट घालून द्रावण नितळ होईपर्यंत हलवा, मग ५ मि.ली. सलाइन. १ मि.ली.त १० मि.ग्रॅ. होतात, १२ किलोच्या मुलाला ३६ मि.ग्रॅ., म्हणजे ३.६ मि.ली. शिरेतून सावकाश द्यायचं. शीर सापडत नसेल तर ५ऐवजी २ मि.ली. सलाइन घालून मांडीत. तासाभरात न वापरलेलं फेकून द्या.

चूक होते ती पुढे. मूल शुद्धीवर आलं की इंजेक्शन थांबतं, पण किमान २४ तास ते द्यायलाच हवं, आणि नंतर तोंडाने तीन दिवसांचा पूर्ण एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि दुसरं मलेरियाविरोधी औषध एकत्र) कोर्सही. तो चुकला तर ताप उलटतो. आर्टेसुनेटनंतर एक ते तीन आठवड्यांत रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन घसरू शकतं, म्हणून ७, १४ आणि २८व्या दिवशी ते तपासा.

मोठं रुग्णालय लांब असेल तर सहा वर्षांखालच्या मुलाला गुदमार्गे आर्टेसुनेट, किलोमागे १० मि.ग्रॅ., एकदाच, आणि लगेच रवानगी. त्यावरच थांबू नये. आर्टेसुनेट कुठल्याच रूपात नसेल तर क्विनाइन सुरू करा, वाट पाहू नका.

मेंदूची सूज उतरावी म्हणून दिली जाणारी स्टेरॉइड आणि मॅनिटॉल ही औषधं आर्टेसुनेट किंवा क्विनाइनच्या जोडीला नकोत.